मोबाइलमधील फाइल संगणकात : तारेवाचून आणि इंटरनेटवाचूनही

जुलै २०१८ च्या दुसऱ्या आठवड्यात वसई तालुक्यावर जो पाऊस कोसळला, त्याची आठवण येथील रहिवाशांच्या मनातून अद्याप गेलेली नाही. १० जुलै रोजी वसई, नालासोपारा व विरार या स्थानकांच्या पट्ट्यात रुळांवर पाणी चढल्याने पश्चिम रेल्वेची वाहतूक थांबली. मिठागरांच्या वस्तीत शेकडो माणसे पाण्याने वेढली गेली. अनेक भागांत वीजपुरवठा बंद ठेवावा लागला.

अशा आपत्तीनंतर पाणी ओसरू लागते, तोच पंचनाम्यांचे काम सुरू होते. पंचनामा म्हणजे दोन पंच, एक कागद आणि खाली सह्या, एवढाच प्रकार आता राहिलेला नाही. भिजलेले धान्य, खचलेली भिंत, आडवी झालेली केळीची बाग यांची छायाचित्रे जागेवरच मोबाइलवर घेतली जातात आणि ती कार्यालयातील संगणकात उतरवून प्रकरणाला जोडावी लागतात. नेमक्या याच वेळी इंटरनेट मंदावलेले असते, राउटर बंद असतो, आणि मोबाइल संगणकास जोडण्याची केबल कोणी तरी घरी नेलेली असते. छायाचित्रे मोबाइलमध्येच अडकून पडतात आणि त्यांच्याबरोबर एखाद्या कुटुंबाची नुकसानभरपाईही अडकते.

वास्तविक त्या क्षणी मोबाइल आणि संगणक एकाच टेबलावर, परस्परांपासून हातभर अंतरावर असतात. एवढे अंतर ओलांडण्यासाठी केबल अपरिहार्य नाही. इंटरनेट तर मुळीच नाही. ही दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून ती प्रारंभीच सांगितली.

सवयीचा मार्ग आणि त्याची किंमत

आज बहुतेक कार्यालयांत व शाळांत रूढ असलेला मार्ग व्हॉट्सॲपचा आहे. मोबाइलवरून छायाचित्र पाठवावयाचे आणि संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडून ते उतरवून घ्यावयाचे. मार्ग सोपा आहे, यात शंका नाही. परंतु टेबलावरच्या टेबलावर जावयाची ती फाइल प्रथम मनोऱ्यावर, तेथून इंटरनेटद्वारे कित्येक मैल दूरच्या यंत्रांवर आणि मग त्याच वाटेने परत, असा प्रवास करते. नायगावहून पाणजू बेटावर जाण्यासाठी होडी असताना कोणी मुंबईला वळसा घालणार नाही. येथे मात्र आपण रोज तो घालतो.

वेळ व डेटा यांचा अपव्यय एक वेळ सोसता येईल. अधिक गंभीर हानी निराळीच आहे. व्हॉट्सॲपवर छायाचित्र नेहमीच्या रीतीने पाठविले असता ते आकाराने लहान केले जाते आणि त्यातील बारकावे नष्ट होतात. भिंतीवरील तड्याची रुंदी, सातबाराच्या उताऱ्यावरील बारीक आकडा अशा गोष्टी मूळ छायाचित्रात स्पष्ट असतात आणि उतरवून घेतलेल्या प्रतीत पुसट होतात. शिवाय प्रत्येक मूळ छायाचित्राच्या पोटात एक अदृश्य टिपण असते : ते केव्हा काढले, कोणत्या उपकरणाने काढले आणि स्थान-नोंद चालू असल्यास कोठे काढले. हे टिपणही या प्रवासात गळून पडते. पंचनाम्याच्या दृष्टीने तर छायाचित्राइतकेच महत्त्व या टिपणास आहे. नाइलाजाने हाच मार्ग घ्यावा लागला, तर छायाचित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे. तसे केल्यास मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

केबलविषयी प्रस्तुत लेखकास आकस नाही. चांगली केबल हाताशी असेल, तर तिच्याइतका सरळ मार्ग दुसरा नाही. मात्र बाजारातील कित्येक स्वस्त केबलींमध्ये फक्त चार्जिंगपुरत्या तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. अशी केबल लावल्यावर मोबाइल चार्ज होऊ लागतो, संगणकावर मात्र काहीही दिसत नाही, आणि दोष संगणकावर ढकलला जातो.

लहरींचा पूल

'बिनतारी' हा शब्द आपल्याकडे जुना आहे. पोलीस ठाण्यातील बिनतारी संदेश यंत्रणा पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या परिचयाची आहे. घरी रेडिओ बाळगावयाचा, तर टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे, हे वयस्क वाचकांना आठवत असेल. लहरी ही शासनाच्या नियंत्रणाखालील मर्यादित संपत्ती मानली जाते, आणि ते योग्यही आहे. तथापि अल्प शक्तीच्या, थोड्या अंतरावरच्या वापरासाठी काही पट्टे सर्वांना मोकळे ठेवण्याची प्रथा जगभर आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवान्यातून मुक्त करण्यात आला. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील अधिक भाग २०१८ मध्ये मोकळा झाला. आपल्या मोबाइलमधील ब्लूटूथ आणि वाय-फाय या दोन्ही सोयी याच मोकळ्या कुरणात चरतात.

२.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास २४० कोटी आंदोलने. अशा लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षाही कमी भरते. या लहरी पाण्यात शोषल्या जातात, त्यामुळे माणसांनी भरलेली खोलीही त्यांना अडथळा करते. दगडी वा काँक्रीटच्या जाड भिंतीपलीकडे त्या क्षीण होतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अधिक माहिती वाहून नेतात, पण भिंतीपुढे त्या आणखी लवकर थकतात. म्हणून फाइल पाठविताना मोबाइल व संगणक एकाच खोलीत असावेत, हे उत्तम.

पाठविली जाणारी फाइल अखंड जात नाही. तिचे लहान लहान तुकडे केले जातात, प्रत्येकावर क्रमांक व पत्ता असतो आणि पलीकडे ते पुन्हा क्रमाने जोडले जातात. वाटेत एखादा तुकडा हरवला, तर तेवढाच पुन्हा मागविला जातो. संगणकांमध्ये फाइलींची देवाणघेवाण कोणत्या नियमांनी व्हावी, याचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण या भारतीय अभियंत्याने लिहिला. कानपूरच्या आयआयटीतून पदवी घेऊन ते अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत गेले होते. 'एफटीपी' या नावाने ओळखली जाणारी ती पद्धत आजही अनेक मोबाइलच्या फाइल-व्यवस्थापकात दडलेली आढळते. मात्र तिच्या मूळ रूपात नाव व परवलीचा शब्द उघड्याने प्रवास करतात, हे ध्यानात ठेवावे.

ब्लूटूथ आणि वाय-फाय

ब्लूटूथचे काम स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये सुरू झाले. उद्देश लहान होता : कानातील यंत्र व मोबाइल यांच्यातील तार काढून टाकणे. म्हणूनच त्यास वीज थोडी लागते आणि त्याचा वेगही थोडा असतो. वाय-फाय मात्र संगणकांचे जाळे जोडण्यासाठीच जन्मास आले. त्याचे पहिले प्रमाण १९९७ मध्ये ठरले.

दोहोंमधील फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका गावच्या पंचनाम्याची १५० छायाचित्रे आहेत आणि प्रत्येक छायाचित्र ४ मेगाबाइटचे आहे. एकूण भार ६०० मेगाबाइट झाला. वेग सांगताना मात्र 'बाइट' नव्हे, तर 'बिट' मोजले जातात, आणि ८ बिटांचा १ बाइट होतो. जाहिरातीतील वेग आणि प्रत्यक्ष अनुभव यांत जी तफावत वाटते, तिचे एक कारण हेच. ब्लूटूथचा व्यावहारिक वेग सेकंदास २ मेगाबिट, म्हणजे पाव मेगाबाइट धरला, तर या कामास २,४०० सेकंद, म्हणजे ४० मिनिटे लागतील. साध्या वाय-फायचा वेग ४० मेगाबिट धरला, तर तेच काम १२० सेकंदांत, म्हणजे दोन मिनिटांत उरकेल. तात्पर्य, एखादे पत्र वा दाखला ब्लूटूथने पाठवावा. छायाचित्रांचा गठ्ठा व चित्रफिती वाय-फायने.

ब्लूटूथचा वापर करताना एक अडचण हटकून येते. मोबाइल व विंडोज संगणक यांची जोडणी झालेली असते, तरीही फाइल नाकारली जाते. कारण असे की, संगणकावर ब्लूटूथच्या यादीतून 'फाइल स्वीकारा' ही आज्ञा आधी द्यावी लागते. तो वाट पाहत असेल, तरच फाइल घेतो. एवढ्या एका पायरीमुळे अनेकांनी ब्लूटूथचा नाद सोडून दिला आहे.

वाय-फायच्या बाबतीत महत्त्वाची अट एकच : मोबाइल व संगणक एकाच राउटरच्या जाळ्यात असले पाहिजेत. राउटर प्रत्येक उपकरणास १९२.१६८ अशा अंकांनी सुरू होणारा एक स्थानिक पत्ता देतो, जणू वाड्यातील खोलीचा क्रमांक. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत भांडे द्यावयाचे, तर वाड्याचा दिंडी दरवाजा उघडा आहे की बंद, याच्याशी कर्तव्य नसते. त्याप्रमाणे बाहेरचे इंटरनेट बंद असले, तरी आतली देवाणघेवाण चालू राहते. कार्यालयातील टेबलावरच्या संगणकात वाय-फायची सोय नसेल, तरी बिघडत नाही. तो तारेने त्याच राउटरला जोडलेला असला आणि मोबाइल वाय-फायने, तरी दोघे एकाच वाड्यात आले.

राउटरच नसेल, तर? अर्नाळ्याच्या किल्ल्यावर, तुंगारेश्वरच्या डोंगराआड, अथवा वीज गेलेल्या कोणत्याही गावी हा प्रश्न येणारच. तेव्हा मोबाइललाच राउटर करावयाचे. मोबाइलचा 'हॉटस्पॉट' सुरू करून लॅपटॉप त्यास जोडला की जाळे तयार झाले. त्यास घरातील वीज लागत नाही आणि मनोऱ्याची रेंजही लागत नाही. मात्र तत्पूर्वी मोबाइलचा डेटा बंद करावा. बहुतेक अँड्रॉइड मोबाइलांत डेटा बंद असतानाही हॉटस्पॉट चालतो. डेटा चालू राहिला, तर जोडला गेलेला संगणक आपली साठून राहिलेली अद्ययावतीकरणे त्यावरून मुकाट्याने ओढू लागतो, आणि दिवसाचा डेटा तासाभरात संपतो. हा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला आहे. दोष अर्थातच लेखकाचा होता.

कोणते साधन वापरावे

काही वर्षांपूर्वी या कामासाठी शेअरइट व झेंडर ही दोन साधने घरोघर होती. केंद्र शासनाने २९ जून २०२० रोजी ज्या ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत या दोहोंचा समावेश होता. असे असूनही जुन्या मोबाइलांत त्यांच्या प्रती अद्याप आढळतात, आणि दुकानातून कोणी तरी नवीनही टाकून देतो. शासकीय कामाच्या मोबाइलमध्ये त्या असतील, तर काढून टाकणे हेच श्रेयस्कर.

आज अँड्रॉइड मोबाइल व विंडोज संगणक यांच्यासाठी गुगलचे 'क्विक शेअर' उपलब्ध आहे. गुगलने हीच सोय २०२० मध्ये 'निअरबाय शेअर' या नावाने आणली, २०२३ मध्ये ती विंडोज संगणकांवर आली आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या त्याच प्रकारच्या सोयीत मिळून तिला सध्याचे नाव पडले. तिच्यासाठी दोन्ही बाजूंस ब्लूटूथ व वाय-फाय चालू असावे लागते : ब्लूटूथ शेजारी कोण आहे याचा शोध घेते आणि वाय-फाय ओझे वाहते. ॲपलच्या यंत्रांमध्ये आपसांत 'एअरड्रॉप' २०११ पासून आहे.

तथापि ग्रामपंचायत वा शाळा म्हटली की तेथे एकजात एकाच बनावटीची यंत्रे क्वचितच असतात. सरपंचांचा मोबाइल एका कंपनीचा, शिक्षिकेचा दुसऱ्या, संगणक दहा वर्षांपूर्वीचा. अशा ठिकाणी 'लोकलसेंड' हे मोफत व खुल्या स्रोताचे साधन लेखकास अधिक उपयुक्त वाटते. ते अँड्रॉइड, आयफोन, विंडोज व लिनक्स या सर्वांवर चालते, त्यास खाते उघडावे लागत नाही, जाहिराती नाहीत, आणि फाइल वाटेत सांकेतिक रूपात जाते. दोन्ही यंत्रांवर ते उघडले की एकाच्या पडद्यावर दुसऱ्याचे नाव दिसते. नावावर बोट ठेवावे, पलीकडे 'स्वीकारा' म्हणावे, काम झाले.

नाव दिसलेच नाही, तर घाबरण्याचे कारण नाही. प्रथम दोन्ही यंत्रे खरोखर एकाच जाळ्यात आहेत काय, ते पाहावे. एक राउटरवर आणि दुसरे शेजारच्या कार्यालयाच्या वाय-फायवर, असे पुष्कळदा होते. त्यानंतर संगणकाने ते जाळे 'सार्वजनिक' म्हणून नोंदले आहे काय, ते तपासावे. विंडोज अनोळखी जाळ्यास सार्वजनिक मानते आणि स्वतःस लपविते. कार्यालयाचे स्वतःचे जाळे असेल, तर ते 'खासगी' करावे. रेल्वे स्थानकासारख्या ठिकाणच्या वाय-फायवर मात्र हा प्रयोग करू नये. अशा जाळ्यात एका उपकरणास दुसरे दिसू नये, अशी तजवीज बहुधा केलेली असते, आणि ती आपल्या संरक्षणासाठीच असते.

शिक्षकांना याच मार्गाचा उलट दिशेनेही उपयोग आहे. शाळेतील संगणकावर एकदा उतरवून घेतलेली पाठाची चित्रफीत वर्गातील वा पालकसभेतील दहा-बारा मोबाइलांवर कोणाचाही डेटा खर्च न होता देता येते. ज्या पाड्यावरील पालक महिनाअखेरीस रिचार्ज पुढे ढकलतात, तेथे ही सोय क्षुल्लक म्हणता येणार नाही.

नक्कल आणि अस्सल

येथे सोपाऱ्याची आठवण होते. आजच्या नालासोपाऱ्याजवळच्या या प्राचीन बंदरात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ मध्ये हाती आला. एकच मजकूर साम्राज्यभर ठिकठिकाणी कोरावयाचा, म्हणजे नकलांचा प्रश्न आलाच. आपल्या चौदाव्या शिलालेखात खुद्द अशोकानेच मान्य केले आहे की, कोठे कोठे कोरणाऱ्याच्या चुकीमुळे लेख अपुरा राहिला असेल. नक्कल मुळाबरहुकूम आहे की नाही, ही प्रशासनाची चिंता अशी बावीस शतकांहून जुनी आहे.

फाइलीच्या बाबतीत ही चिंता दूर करण्याचा उपाय गणिताने दिला आहे. फाइलीतील सर्व माहितीवर ठरावीक गणिती क्रिया करून तिचा जणू अंगठ्याचा ठसा काढता येतो; त्यास 'हॅश' म्हणतात. एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीत हा ठसा ६४ चिन्हांचा असतो. छायाचित्रातील एक ठिपका जरी बदलला, तरी ठसा संपूर्ण बदलतो. मोबाइलमधील मूळ फाइल व संगणकातील प्रत यांचे ठसे जुळले, म्हणजे वाटेत काहीही गळलेले वा बदललेले नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात या हॅशचीही नोंद आहे. नुकसानभरपाईचा, हद्दीचा वा अतिक्रमणाचा वाद पुढे न्यायालयात गेला, तर व्हॉट्सॲपवरून आलेली अशक्त प्रत आणि ठसा जुळणारी मूळ प्रत यांतील अंतर तेथे कळून येईल. ज्या प्रकरणात वाद संभवतो, तेथे ग्राम महसूल अधिकाऱ्याने किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याने मूळ फाइल व तिचा हॅश सुरुवातीसच नोंदवून ठेवणे हिताचे आहे. विंडोज संगणकात हॅश काढण्याची सोय मुळातच असते; निराळे साधन विकत घ्यावे लागत नाही.

दुसऱ्याचा कागद

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. वसई-विरारची महानगरपालिका त्यापूर्वी, ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली होती. एकाच जिल्ह्यात लोकलने मुंबईस जोडलेले दाट शहर आहे आणि जव्हार-मोखाड्याचे दूरचे पाडेही आहेत. दोन्हीकडे एक दृश्य मात्र सारखे दिसते : दाखल्यासाठी वा योजनेच्या अर्जासाठी आलेला माणूस आपला मोबाइल टेबलापलीकडच्या व्यक्तीच्या हाती देतो आणि त्यातील आधार कार्ड, बँक पुस्तक, जातीचा दाखला त्या संगणकात उतरवून घेतला जातो. काम होते, माणूस निघून जातो. कागद मात्र तेथेच राहतात. लेखकाने एका खासगी दुकानातील संगणक पाहिला आहे, ज्याच्या 'डाउनलोड'च्या कप्प्यात अनोळखी माणसांची शेकडो आधार कार्डे महिनोन्‌महिने पडून होती आणि पुढे येणारे प्रत्येक गिऱ्हाईक ती पाहू शकत होते.

बिनतारी मार्ग या बाबतीत केबलहून उजवा ठरू शकतो. केबल जोडून परवानगी दिली, म्हणजे मोबाइलमधील सर्व छायाचित्रे पलीकडच्यासमोर उघडी होतात. बिनतारी पाठवणीत मालकाने निवडलेली तेवढीच फाइल जाते, आणि मोबाइल त्याच्या हातून सुटत नाही. मात्र स्वीकारणाऱ्यानेही काही पथ्ये पाळावयास हवीत. क्विक शेअरची दृश्यता 'सर्वांसाठी' अशी कायम उघडी ठेवू नये. काम होताच ती मर्यादित करावी. दोन्ही पडद्यांवर दिसणारा अंक एकच आहे, हे पाहूनच फाइल घ्यावी. हॉटस्पॉटला परवलीचा शब्द असावा आणि तो मोबाइलचा क्रमांक नसावा. अर्जदाराकडून आधार घेताना संपूर्ण क्रमांकाची आवश्यकता नसेल, तर शेवटचे चारच अंक दाखविणारे 'मास्क्ड' आधार मागावे. आणि अर्ज सादर झाल्यावर उतरवून घेतलेली प्रत अर्जदारादेखत संगणकातून व त्याच्या कचरापेटीतूनही काढून टाकावी. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला आहे. कार्यालयांनी कायद्याचा धाक वाटेपर्यंत थांबावे, असे मात्र नाही.

मोबाइलमधील मूळ फाइलींबाबत नेमकी उलट घाई होते. जागा भरली म्हणून संगणकात उतरवताच छायाचित्रे पुसली जातात, आणि नंतर कळते की १५० पैकी १३८ च आली होती. प्रथम दोन्हीकडील संख्या व एकूण आकार ताडून पाहावा, चार-दोन फाइली उघडून पाहाव्यात, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि मगच मोबाइल मोकळा करावा. आयफोनमधील छायाचित्रे 'एचईआयसी' या प्रकारात असतील, तर जुन्या संगणकावर ती उघडणार नाहीत. म्हणून ती फाइल बिघडली, असा निष्कर्ष काढून पुसून टाकू नये.

पावसाळ्यापूर्वी तालुक्यात आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठका होतात, होड्या व दोर तपासले जातात. त्याच दिवशी कार्यालयातील एका लॅपटॉपवर व दोन मोबाइलांवर हे साधन घालून, राउटर व डेटा दोन्ही बंद ठेवून, दहा छायाचित्रे एकदा इकडून तिकडे पाठवून पाहावीत. साधन उतरवून घेण्यापुरते इंटरनेट लागते, आणि ते जून महिना उजाडण्यापूर्वी सहज मिळते.